रुगर .४४ कार्बाइन, घरी ओतलेल्या गोळ्या आणि ओहायोतलं हरीण

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोत राहणाऱ्या एका वाचकाकडे .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यासाठी ते लायमन कंपनीच्या ४२९४२१ साच्यात साधारण २५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) शिशाच्या गोळ्या स्वतः ओततात आणि काडतुसंही घरीच भरतात. आता त्यांनी रुगर कंपनीची जुनी .४४ कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, घेतली आहे. रिव्हॉल्व्हरची तीच काडतुसं या सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या) कार्बाइनमध्ये घालून हरणाच्या शिकारीला जाता येईल का, असं ते विचारतात.

तीच काडतुसं घालू नका. ओतलेली गोळी या कार्बाइनमधून चालवता येते आणि हरीणही नीट पडतं. मात्र त्यासाठी साचा बदलावा लागेल, गोळीचं माप बदलावं लागेल आणि बंदूक उघडून साफ करायचं काम वाढेल. एवढं करायची तयारी नसेल तर जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं कवच असलेल्या, गोळ्या विकत आणून भरा आणि ४२९४२१ रिव्हॉल्व्हरसाठीच राहू द्या. रुगरच्या माहितीपत्रकात या बंदुकीत बिनजॅकेटच्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगितलेलं आहे, हेही आधीच लक्षात घ्या. पुढे जे लिहितो आहे ते ती सूचना मोडून, स्वतःच्या जबाबदारीवर करायचं काम आहे. त्या सूचनेमागचं कारण कळलं की कुठे जपायचं तेही कळतं.

ही कार्बाइन १९६१ ते १९८५ या काळात बनली. नळी साडेअठरा इंचांची, दस्त्याच्या पुढच्या भागात चार काडतुसांचं नळकांडी मॅगझिन, आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, मागे ढकलायला नळीतूनच घेतलेला गॅस. नळीला एक बारीक छिद्र आहे. गोळी त्यावरून पुढे गेली की मागचा गॅस त्या छिद्रातून खाली उतरतो, एका आखूड पिस्टनला धक्का देतो आणि सगळी यंत्रणा फिरते. जॅकेटची गोळी त्या छिद्रावरून सरळ निघून जाते. उघडं, मऊ शिसं मात्र छिद्राच्या धारेवर किसणीवर किसल्यासारखं खरवडलं जातं. गॅस तो कीस आणि गोळीवरचं वंगण बरोबर घेऊन पिस्टनच्या खोबणीत नेऊन बसवतो. तिथे उष्णता आणि दाब असल्यामुळे त्याचा थर घट्ट धरतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा लिव्हर-अॅक्शनमध्ये (हातानं दांडी ओढून काडतूस चढवायच्या रायफलमध्ये) शिसं लागलं तर ते नळीत लागतं. नेम बिघडतो, आपण ब्रश मारतो, काम झालं. इथे ते यंत्राच्या पोटात जातं. ओळखीच्या एकाची अशीच कार्बाइन मी उघडून पाहिली आहे. पिस्टनच्या तोंडावर करडा, चकचकीत थर होता, नखानं निघत नव्हता, पितळी पट्टीनं खरवडल्यावर पापुद्रे सुटले. तोवर बंदुकीची लक्षणं अशी होती: पहिले काही बार ठीक, मग पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, पूर्ण बाहेर न पडता पोर्टमध्ये (ती बाहेर पडायच्या खिडकीत) उभी अडकायची. मालकाला वाटत होतं की काडतुसातली दारू कमी पडते, म्हणून तो दारू वाढवत चालला होता. हे फार धोक्याचं आहे. अडकलेल्या पिस्टनवर जास्त दारू हा उपाय नाही. शिवाय हे मॉडेल बंद होऊन चाळीस वर्षं झाली, सुटे भाग शोधत बसावं लागतं. म्हणून या बंदुकीशी जपूनच वागायचं.

आता साचा. तुमची ४२९४२१ ही सपाट बुडाची गोळी आहे, म्हणजे तिच्या बुडाला तांब्याची टोपी बसत नाही. तुम्हाला गॅस चेक बसणारी गोळी हवी. गॅस चेक म्हणजे गोळीच्या बुडावर दाबून बसवायची पातळ तांब्याची वाटी. तिच्यामुळे तापलेला गॅस बुडाची कड वितळवत नाही आणि छिद्रावरून जाणारी शेवटची कड तांब्याची असते. लायमनच्याच साच्यांत रे थॉम्पसन यांनी आखलेल्या दोन गोळ्या आहेत: ४२९२१५ साधारण २१५ ग्रेनची आणि ४२९२४४ साधारण २५५ ग्रेनची. दोन्ही गॅस चेकच्या. हरणासाठी मी ४२९२४४ घेईन. त्याहून जड, ३०० ग्रेनच्या वरच्या गोळ्यांच्या मोहात पडू नका. या कार्बाइनच्या नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ ३८ इंचांत एक फेरा असा आहे, रिव्हॉल्व्हरमध्ये तो बहुधा २० इंचांत एक असतो. एवढ्या सैल पिळात लांब, जड गोळी कमी वेगावर डगमगते. पुढे २००० ते २००६ मध्ये आलेल्या डीअरफील्ड कार्बाइनचा पीळ २० इंचांत एक आहे आणि तिची रचनाही निराळी आहे. त्या बंदुकीसाठी कुणी सांगितलेली गोळी या बंदुकीला लागू करू नका.

गोळीच्या मापाकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि कठीणपणाच्या मागे लागतात. मिश्रधातू आणखी कठीण केला की शिसं लागणार नाही, ही समजूत अर्धवट आहे. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर तिच्या कडेनं गॅस निसटतो, तो गोळीची बाजू वितळवतो आणि ते शिसं पुढे नळीभर पसरतं. गोळी कितीही कठीण असली तरी हे होतंच. म्हणून आधी नळी मोजा. मासेमारीचं मऊ शिशाचं वजन थोडं तेल लावून लाकडी मेखेनं नळीतून हळूहळू ठोकत न्या आणि बाहेर आल्यावर मायक्रोमीटरनं मोजा. साध्या कॅलिपरवर या मापासाठी विसंबू नका. .४४ चं कागदावरचं माप ०.४२९ इंच असलं तरी या कार्बाइन्सच्या नळ्या अनेकदा ०.४३० ते ०.४३१ भरतात. गोळी त्याहून हजारांश इंचानं मोठी ठेवा, म्हणजे ०.४३१ किंवा ०.४३२. मात्र एवढ्या मापाची गोळी भरलेलं काडतूस चेंबरमध्ये अंगठ्याच्या दाबानं सहज पूर्ण बसलं पाहिजे. अडत असेल तर तो साइज सोडून द्या.

इथे एक पायरी अशी आहे की तिच्यावाचून वरची सगळी मेहनत वाया जाते. गोळी पुंगळीत बसवल्यावर तिचं माप तेच राहिलं का, हे तपासा. जॅकेटच्या गोळ्यांसाठी बनवलेला एक्सपांडर, म्हणजे पुंगळी आतून रुंद करायचं हत्यार, पुंगळी आतून घट्ट ठेवतो. मऊ गोळी त्यात दाबली की पुंगळीच गोळीला आवळते. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू नसलेलं एक नमुना काडतूस बनवा, गोळी बसवा, हातोडीवाल्या पुलरनं ती परत काढा आणि बूड मोजा. ०.४३२ ची गोळी आत जाऊन ०.४२९ ची होऊन बाहेर येते हे डोळ्यांनी पाहिलं की ‘शिसं का लागतंय’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. त्यावर उपाय म्हणजे ओतीव गोळ्यांसाठीचा, दोन पायऱ्यांचा मोठा एक्सपांडर. तो पुंगळीचं तोंडही थोडं फुलवतो, त्यामुळे बसताना गोळीची बाजू सोलली जात नाही.

मिश्रधातूबद्दल. गाड्यांच्या चाकांचा तोल साधायची जुनी चिमट्याची वजनं हा वर्षानुवर्षांचा कच्चा माल. त्यात शिसं सुमारे ९५ टक्के, अँटिमनी तीनेक टक्के आणि कथील अर्धा टक्का. त्यांचा कठीणपणा ब्रिनेल मापानं ११-१२ च्या आसपास. आता बाजारात जस्ताची आणि लोखंडाची वजनंही असतात, ती वेचून बाजूला काढा. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४१९ ला. भांड्याचं तापमान ३७० च्या आसपास ठेवलं तर चुकून आलेलं जस्त वर तरंगतं आणि काढता येतं. या वजनांत थोडं मऊ शिसं आणि दोन टक्के कथील घातलं की हरणासाठी चांगली गोळी होते, कठीण असूनही चिवट. लायनोटाइप (छपाईची अक्षरं ओतायचा धातू) मिळालं तर लोक खूश होतात, कारण साचा सुरेख भरतो. त्यात अँटिमनी सुमारे १२ टक्के आणि कथील ४ टक्के असतं, कठीणपणा २२. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांतले खिळेही याच कुळीच्या धातूचे. अक्षराची धार टिकवायला तो धातू उत्तम. हरणासाठी निव्वळ लायनोटाइप नको, कारण त्याची गोळी हाडावर आपटून तुटते. मिश्रणात कथील आणि अँटिमनी साधारण बरोबरीनं ठेवलं तर ठिसूळपणा आटोक्यात राहतो.

वंगणाचा प्रश्न अलीकडे पावडर कोटिंगनं बराच सोपा केला आहे आणि सेमी-ऑटोमध्ये तर मी आता तेच सुचवतो. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पॉलिएस्टर पावडर हलवायची आणि सुमारे २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं भाजायची. जुन्या पद्धतीचं मेण आणि अॅलॉक्स नावाच्या चिकट द्रव्याचं वंगण गॅसबरोबर पिस्टनपर्यंत जाऊन काजळी धरतं. कोटिंगमध्ये ते नसतं आणि शिशावर एक आवरणही येतं. कोटिंग नीट भाजलं गेलं का हे बघायला एक गोळी लोखंडावर ठेवून हातोडीनं चपटी करा. थर ताणला जाऊन गोळीला चिकटून राहिला तर ठीक, टवके उडाले तर परत भाजा. कोटिंगमुळे गोळीचा व्यास दोनेक हजारांशांनी वाढतो, म्हणून कोटिंगनंतर गॅस चेक बसवून मापाच्या डायमधून काढायची. भाजायची भट्टी वेगळी ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

दारूचं वजन मी मुद्दामच देत नाही. तुमची गोळी, तुमची पुंगळी आणि तुमची नळी माझ्यासमोर नाहीत. दारूच्या कंपनीच्या चालू पुस्तिकेत ओतीव गोळीसाठी दिलेला आकडा घ्या आणि खालच्या टोकापासून सुरुवात करा. कोणत्या जातीची दारू, एवढं सांगतो. युनिकसारखी झटकन जळणारी दारू रिव्हॉल्व्हरमध्ये मवाळ बारासाठी छान असते, पण गोळी गॅसच्या छिद्रापर्यंत पोचेस्तोवर तिचा दाब ओसरलेला असतो आणि बोल्ट अर्ध्यातच थांबतो. इथे सावकाश जळणारी हवी: २४००, ४२२७, एच११० किंवा विंचेस्टर २९६ (ही दारूची नावं आहेत). शेवटच्या दोन्ही डब्यांत एकच दारू असते. ती पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली कधीही नेऊ नका, कमी भरल्यास तिचं जळणं बेभरवशाचं होतं. ओतीव गोळीसाठी मी २४०० पसंत करतो, कारण तिच्यात वेग जुळवायला थोडी मोकळीक मिळते. सुमारे १५०० फूट प्रति सेकंदाला २५५ ग्रेनची गोळी हरणासाठी पुरेशी आहे आणि बंदूकही फिरते. १७०० च्या मागे लागून शिसं लावून घेण्यात काही हशील नाही.

काडतुसाची एकूण लांबी १.६१० इंचांच्या आत हवी. ही बंदूक त्याबाबत हट्टी आहे, लांब काडतूस वर उचलताना अडकतं. गोळीचं नाक सपाटच हवं, कारण नळकांडी मॅगझिनमध्ये एका गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं. क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची कड, गोळीवरच्या खाचेत घट्ट वळवा, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग आणि बाराचा झटका मिळून गोळी आत ढकलतात आणि दाब वाढतो. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसला पाहिजे. प्रत्येकावर बोट फिरवून पाहा, वर आलेला प्रायमर सेमी-ऑटोमध्ये चालवायचा नाही.

रेंजवर आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला, मग दोन. जमिनीवर ताडपत्री अंथरा आणि पुंगळ्या कुठे पडतात ते पाहा. ठराविक जागी, जोरात पडत असतील तर गॅस पुरेसा आहे. पायाशी घरंगळत असतील तर यंत्रणा उपाशी आहे. बार संपल्यावर नळीच्या तोंडाकडून प्रकाशात आत बघा. शिसं लागलं असेल तर गॅसच्या छिद्राच्या पुढे आट्यांच्या कडांवर करड्या रेघा दिसतात. पिस्टनही काडतुसांच्या पहिल्या डब्यानंतरच तपासा, हंगाम संपेपर्यंत थांबू नका. आणि शिकारीसाठी ठरवलेला लोड साफ बंदुकीतून आणि मळलेल्या बंदुकीतून, दोन्ही प्रकारे चालला पाहिजे.

नेम ७५ यार्डांवर बांधा. दुर्बीण लावलेली असेल तर या वेगाची गोळी १०० यार्डांवर दोन-अडीच इंच खाली लागते आणि १५० वर जवळपास फूटभर. म्हणजे १०० यार्ड ही तुमची हद्द. ओहायोच्या जंगलात मचाणावरून दिसणारं व्हाइटटेल (तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) बहुतेकदा त्याच्या आतच असतं, त्यामुळे यात काही गमावल्यासारखं वाटू देऊ नका.

कठीण ओतीव गोळी जॅकेटच्या मऊ गोळीसारखी फुलत नाही. तिचं काम सपाट नाक करतं. ती सरळ आरपार जाते, दोन्ही बाजूंना भोक पडतं आणि रक्ताचा माग चांगला मिळतो. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, फऱ्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरा. फुप्फुसांतून गेलेल्या गोळीनंही हरीण पन्नास-शंभर यार्ड पळतं. ते पळालं म्हणजे चुकलं असं समजून दुसऱ्याकडे वळू नका. कुठे उभं होतं, कुठे दिसेनासं झालं, हे झाडांच्या खुणांवरून मनात पक्कं करा, अर्धा तास थांबा, मग माग काढा. सेमी-ऑटो हातात आहे म्हणून घाईनं दुसरा-तिसरा बार काढण्याचा मोह होतो. पळणाऱ्या हरणावर मागून झाडलेली गोळी पोटात लागते, जनावर तडफडत लांब जातं आणि बहुधा सापडत नाही. जनावराला असं मरण द्यायचा आपल्याला अधिकार नाही. पहिला बार नीट साधला जाण्यासारखा नसेल तर चाप ओढू नका.

कायद्याचं थोडक्यात. ओहायोत २०१४ पासून हरणासाठी सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) पुंगळीची रायफल चालते आणि .४४ मॅग्नम त्यात बसते. चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरता येतात, म्हणजे तुमचं मॅगझिन पूर्ण भरायचं नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटो रायफलनं हरीण मारायला परवानगी नाही, मिशिगनमध्ये एकूण सहा काडतुसांची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. दर वर्षीची नियमपुस्तिका नव्यानं वाचा. तुम्ही एच-१बी वर असाल तर आणखी एक बाब: फेडरल कायद्यानं अशा व्हिसावर बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्याला अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, तेव्हा ते वेळेवर नवं करा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ-सांबराची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काही तिकडे करता येणार नाही. रेंजला नेलेली बॅग घेऊन कधीही मुंबईच्या विमानात चढू नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते.

घरात लहान मुलं असतील तर शिसं घरात वितळवू नका. गॅरेजचं दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेनं, अंगावर वेगळे कपडे, आणि काम संपल्यावर आधी हात-तोंड थंड पाण्यानं आणि साबणानं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर भांड्यातला सगळा माल अंगावर उडतो, म्हणून घामेजलेला माणूस आणि ओली वजनं भट्टीपासून दूर. पुंगळ्या घुसळायच्या यंत्रातली धूळ भट्टीच्या धुरापेक्षा जास्त शिसं अंगात नेते, कारण तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तो डबा उघडताना मास्क लावा. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या, स्वतःचं आणि मुलांचंही. मांस कापताना जखमेभोवतीचा रक्ताळलेला भाग सढळ हातानं काढून टाका. ओतीव गोळी कमी तुटते, पण तुटतच नाही असं नाही.

ओहायोत गन सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. नवा साचा मागवणं, नळी मोजणं, कोटिंग जमवणं आणि रेंजवर दोन-तीन फेऱ्या, हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत झालं तर ४२९२४४ घेऊन मचाणावर चढा. तोवर एकही काडतूस अडकत असेल, तर या हंगामात २४० ग्रेनच्या जॅकेटवाल्या सॉफ्ट पॉइंट गोळ्या भरा, त्यांच्यावर नेम पुन्हा बांधून घ्या आणि ओतीव गोळ्यांचं काम वसंतात पुढे चालू करा.